काका, त्या रात्री तुम्ही पेटवू दिलं नाहीत

तीर्थस्वरूप काकांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र तुम्हालाच आहे, पण मुद्दाम चारचौघांत लिहिते आहे. तुम्ही आमच्यासाठी काय केलंत हे आपल्या माणसांना कळावं असं फार दिवस मनात होतं. तुम्ही मुलीकडे बर्मिंगहॅमला राहायला गेलात आणि निरोपाच्या गडबडीत नीट बोलणंच झालं नाही. काल इथे पहिला दहिवर पडला. संध्याकाळी लाकडाचा स्टोव्ह पेटवला, समोर बसले आणि लिहायला घेतलं.

डिसेंबर 2022 ची ती थंडी तुम्हाला आठवत असेल. वेल्समधल्या पॉविस परगण्यातल्या या आडगावात गॅसची पाइपलाइन नाही. परसातल्या 1200 लिटरच्या टाकीत टँकर येऊन एलपीजी भरून जायचा, त्यावर बॉयलर, बॉयलरवर घरभरचे रेडिएटर. टाकी कंपनीच्या मालकीची, त्यामुळे गॅस त्यांच्याकडूनच घ्यायचा. शहरातल्या गॅसच्या दराला सरकारने घातलेली मर्यादा या टाकीच्या गॅसला लागू नव्हती. दर चढत गेले तसे आम्ही एकेक रेडिएटर बंद करत गेलो. मग रस्ते गोठले, टँकर आज येतो उद्या येतो करत राहिला, आणि एका संध्याकाळी काटा पार खाली आला. घरात आम्ही दोघं, सहा वर्षांचा मुलगा आणि सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आलेली माझी आई. आई दोन स्वेटर घालून रजईत बसली होती आणि काही बोलत नव्हती. ती गप्प बसली की मला जास्त काळजी वाटते.

मी मंडळाच्या ग्रुपवर दोन ओळी टाकल्या. तासाभरात तुम्ही आलात. बर्फातून सहा मैल गाडी हाकत, मागच्या सीटवर दोन इलेक्ट्रिक हीटर आणि डब्यात गरम पिठलं. तेव्हा तुमचं वय पंच्याहत्तर.

तुम्ही दारात आलात तेव्हा आमच्याकडे काय चाललं होतं ते आज लपवत नाही. बैठकीच्या खोलीतल्या जुन्या दगडी शेकोटीवर आधीच्या मालकाने फळी ठोकली होती. ती ह्यांनी उचकटून काढली होती आणि कुंपणाच्या मोडक्या फळ्या आत रचल्या होत्या. काडीपेटी हातात होती. तुम्ही बूटही न काढता आत आलात, गुडघ्यावर बसलात, मोबाइलचा दिवा लावून वर पाहिलंत आणि म्हणालात, "आज पेटवायचं नाही. या धुरांड्यात काय आहे ते मला ठाऊक नाही, तुम्हालाही नाही."

मला राग आला होता, काका. पोर गारठलंय, आई गारठलीये, समोर शेकोटी आहे, लाकूड आहे, आणि हा माणूस नाही म्हणतोय. तुम्ही वाद घातला नाहीत. दोन्ही हीटर एकाच खोलीत लावलेत, दारांच्या फटीत टॉवेल कोंबलेत, सगळ्यांची अंथरुणं तिथेच आणायला लावलीत. त्या फळ्यांना पूर्वी कसलं तरी औषध लावलेलं असतं, त्यांचा धूर विषारी असतो, हेही सांगितलंत आणि जाताना त्या उचलून घेऊन गेलात.

एप्रिलमध्ये तुम्हीच धुरांडी साफ करणाऱ्याला घेऊन आलात. तो एकेक काठी जोडत ब्रश वर सरकवत होता आणि अर्ध्यावर ब्रश अडला. मग जे खाली यायला लागलं ते थांबेचना. वाळक्या काटक्या, लोकर, माती, पुन्हा काटक्या. जॅकडॉ म्हणून इथला जो लहान कावळा आहे, तो वर्षानुवर्षं धुरांड्यात काटक्या टाकत राहतो आणि वर घरटं बांधतो. तीन पोती भरली. मी अंगणात उभी राहून त्या पोत्यांकडे पाहत होते. डिसेंबरच्या त्या रात्री जाळ झाला असता तर धुराला वर जायला वाट नव्हती. काटक्यांनी पेट घेतला नसता तर कार्बन मोनॉक्साइड त्या बंद खोलीत उतरला असता, जिथे आम्ही चौघं झोपणार होतो. त्याला ना वास, ना रंग. मी हॉस्पिटलात काम करते, तो काय करतो हे मला शिकवायला नको. त्या दिवशी मी तुम्हाला चहा दिला आणि काहीच बोलू शकले नाही. जे बोलायचं राहिलं ते हे: आम्ही आहोत ते तुम्ही त्या रात्री पेटवू दिलं नाहीत म्हणून.

खरं तर स्टोव्ह घ्यावा असंही तुम्ही आधी कधी म्हणाला नाहीत. पहिला प्रश्न विचारलात, "घरात दम्याचं कोणी आहे का?" दुसरा, "शेजारचं घर किती लांब?" शहरात राहत असता तर मीच तुला नको म्हटलं असतं, असंही स्पष्ट सांगितलंत. लंडनमध्ये 1952 च्या डिसेंबरात धुरक्याने हजारो माणसं दगावली आणि 1956 साली स्वच्छ हवेचा कायदा झाला, हे मी तुमच्याकडून पहिल्यांदा ऐकलं. कितीही चांगला स्टोव्ह आणला तरी बारीक कण बाहेर पडतातच, गॅसपेक्षा कितीतरी जास्त, हे तुम्ही लपवलं नाहीत. विकणारा कुणी हे इतकं उघड सांगत नाही. तुमच्या शब्दावर आमचा विश्वास बसला तो यामुळे.

आईला पटवणं सगळ्यांत अवघड होतं. पाटण तालुक्यातल्या आमच्या घरात 1989 साली गॅसचा नंबर लागला तेव्हा तिने सिलिंडरला हळदकुंकू वाहिलं होतं. त्याआधीची वीस वर्षं तिची फुंकणी फुंकण्यात गेली. पावसाळ्यात ओलं सरपण, डोळ्यांतून पाणी, भिंती काळ्या. ती मला म्हणाली, "आम्ही धुरातून सुटलो आणि तू गॅस सोडून पुन्हा लाकडावर चाललीस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुम्ही तिच्या शेजारी बसलात आणि विचारलंत, "वहिनी, तुमच्याकडे बंब होता का?"

बंब म्हटल्यावर तिचा चेहरा बदलला. तांब्याचा, चिंचेने घासलेला, न्हाणीघराच्या दाराशी ठेवलेला. तुम्ही म्हणालात, बंबाच्या मधल्या नळीत जाळ कसा वर ओढला जायचा? तेच इथे. चुलीला तोंड उघडं, धूर वाट मिळेल तिकडे जातो. इथे दार बंद, हवा आपण देऊ तेवढीच, आणि तापलेलं धुरांडं धूर वर ओढतं. शिवाय वरून दुसरी हवा सोडतात, त्यामुळे धुरातला वायूसुद्धा तिथेच पेटतो. धूर म्हणजे न जळलेलं जळणच की. पुढे स्टोव्ह बसला तेव्हा काचेआड, लाकडाला न चिकटता वरच्या वर लहरणाऱ्या ज्वाळा तिने पाहिल्या आणि म्हणाली, "हा धूरच जळतोय म्हणा." मला इतके दिवस जे नीट कळलं नव्हतं ते तिला एका संध्याकाळी कळलं.

बसवायच्या वेळी तुम्ही कशातही पैसे वाचवू दिले नाहीत. नोंदणी असलेलाच कारागीर. धुरांड्यात वरपासून खालपर्यंत स्टीलची सहा इंची नळी. खाली स्लेटची लादी. भिंतीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. आम्ही मोठा स्टोव्ह पाहून आलो होतो, तुम्ही खोली मापून पाच किलोवॅटचाच घ्यायला लावलात. मोठा घेतला की खोली भट्टी होते, मग माणूस हवा कोंडून तो मंद जाळत बसतो, आणि मंद जाळणं म्हणजे काजळी. फाउंड्रीत तीस वर्षं काढलेल्या माणसाचं बोलणं होतं ते.

आणि गॅसची टाकी? ती लगेच काढू नका म्हणालात. एक हिवाळा दोन्ही राहू द्या. लाकूड आणणं, फोडणं, राख काढणं, आजारपणात रात्री उठून जळण घालणं, हे जमतंय का ते स्वतःच पाहा. 2024 च्या उन्हाळ्यात कंपनीची गाडी येऊन टाकी घेऊन गेली तेव्हा मनात धाकधूक उरली नव्हती. वरच्या मजल्याच्या रेडिएटरमधलं पाणी आधीच सोडून द्यायची आठवणही तुमचीच, नाहीतर पहिल्या हिमात पाइप फुटले असते. अंघोळीचं पाणी आता विजेवर तापतं, स्वयंपाक इंडक्शनवर होतो. वरच्या खोल्या थोड्या गार राहतात, आम्ही जाड पांघरुणं घेतो. कमी आहे ते आहे, पण टँकरची वाट पाहणं संपलं.

लाकडाबद्दल लिहायला बसले तर वही पुरणार नाही. पहिल्या वर्षी एका विक्रेत्याने 'वाळलेलं' म्हणून ट्रेलर ओतला. तुम्ही ढीगातला एक ओंडका उचलून दोन्ही हातांत तोललात, माझ्यासमोर फोडलात आणि आतल्या ताज्या बाजूवर ओलावा मोजायच्या मीटरच्या दोन सुया टोचल्यात. बाहेरून मोजलं तर मीटर खोटं बोलतं, हे तेव्हा शिकले. आकडा आला 34 टक्के. हवा होता 20 च्या आत. मला रडू यायचं बाकी होतं, पैसे गेले होते. तुम्ही म्हणालात, वाया काही गेलं नाही, फक्त दोन उन्हाळे लांबलंय. आणि तो सगळा ट्रेलर माझ्यासोबत रचलात. सालीची बाजू वर, खाली पॅलेट, वर पत्रा, बाजू उघड्या म्हणजे वारा खेळेल.

मग ओढ्याकाठचे ऍश आले. 2012 पासून ब्रिटनभर पसरलेल्या बुरशीने ती झाडं वाळत चालली आहेत. शेतकऱ्याला रस्त्यावर पडायच्या आत ती पाडायचीच होती. तुम्ही त्याच्याशी बोललात आणि खोडं आम्हाला मिळाली. लाकूड फोडायला तुम्ही मला शिकवलंत, ह्यांना नाही, कारण ह्यांचा खांदा दुखतो हे तुम्हाला माहीत होतं. गाठीवर घाव घालू नको. लाकडाला आधीच गेलेली चीर बघ, तिच्यात पाचर बसव, मग घण तिच्यावर पडू दे, जोर लावू नको. पहिल्यांदा तो ऍशचा ओंडका टक्कन उभा दुभंगला आणि आतून पांढराशुभ्र, किंचित गोडसर वासाचा गाभा दिसला, तेव्हा तुम्ही शेजारी उभे राहून फक्त "हं" म्हणालात. त्या "हं"चं मला किती अप्रूप वाटलं ते सांगता येत नाही.

इथे रस्त्यावर वळणाआधी वेल्शमध्ये 'अरव' रंगवलेलं असतं, म्हणजे सावकाश. आमचा मुलगा तुम्हाला अरव आजोबा म्हणतो हे तुम्हाला माहीत आहे का? पेटवताना तो तुमच्यासारखाच मोठी लाकडं खाली आणि काटक्या वर रचायला सांगतो, म्हणजे जाळ वरून खाली उतरतो आणि धूर कमी होतो. राख काढताना बोटभर थर ठेवायलाही तोच बजावतो. मागच्या वर्षी आईने जुन्या सवयीने रात्री निखारे राखेत झाकून हवा बंद केली होती. सकाळी काच काळी पाहून तो घाबराघुबरा होऊन मला उठवायला आला. आईने तेव्हापासून निखारे झाकले नाहीत. राखही झाकणाच्या पत्र्याच्या बादलीतूनच बाहेर जाते आणि दोन-तीन दिवस तिथेच राहते.

काका, तुम्ही एकदा म्हणाला होतात की तीस वर्षं बर्मिंगहॅमला नळाचं जे पाणी प्यायलात ते एलान खोऱ्यातल्या धरणांतून, इथूनच, पंपाशिवाय नुसत्या उताराने जातं, म्हणून निवृत्तीनंतर त्या पाण्याच्या उगमाशी येऊन राहिलात. आता तुम्ही पुन्हा पाण्याच्या त्या टोकाला आहात. तिथे लाकडाचा जाळ नाही याचं तुम्हाला वाईट वाटत असेल, पण तुम्ही ते कुणाला म्हणणार नाही.

'34'चा तो ढीग आता 17 वर आला आहे. काल पेटवला तो त्यातलाच. काच अजून स्वच्छ आहे. ऍशची रास दक्षिणेच्या भिंतीला तशीच ठेवली आहे, ती पुढच्या वर्षीची. धुरांडं सप्टेंबरमध्ये साफ झालं, या वेळी घरटं नव्हतं, वर जाळी बसवली आहे. तुमची पाचर मी तेल लावून खुंटीवर ठेवली आहे आणि घणाचा दांडा सैल झालाय, तो तुम्ही आल्याशिवाय बदलणार नाही. आई पुढच्या महिन्यात येते आहे, तुमच्यासाठी मेतकूट आणि घरचं काळं तिखट आणणार आहे. नाताळच्या सुट्टीत मुलीला घेऊन या. स्टेशनवर घ्यायला मी येईन.

तुमची,
डोंगरापलीकडची पुतणी