गुंतवणूक महाराष्ट्राची, पण तालुक्याची किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परकीय गुंतवणुकीत महाराष्ट्र पहिला, हे वाचून बरे वाटते. २०२४-२५ मध्ये देशात आलेल्या परकीय भागभांडवलापैकी ३९ टक्के एकट्या आपल्या राज्यात आले. मात्र केंद्राच्या त्या तक्त्यात राज्यांची नावे असतात, जिल्ह्यांची नसतात. मुंबई-पुण्यात किती राहिले आणि सावित्री नदी ओलांडून खाली दक्षिण कोकणात किती आले, ते त्यावरून कळत नाही.

आम्हा दक्षिण कोकणवाल्यांचे दुखणे असे, की सरासरी काढली की आम्ही श्रीमंतच दिसतो. महसुली कोकण विभागात मुंबई, ठाणे यांच्याच पंगतीला रत्नागिरी-सिंधुदुर्ग. १९९४ साली विकास मंडळे झाली, तेव्हा विदर्भ-मराठवाड्याला आपापले मंडळ मिळाले. कोकण पुण्या-नाशिकबरोबर 'उर्वरित महाराष्ट्रा'त. उर्वरित! नाव ठेवणाऱ्याने निदान खरे तरी लिहिले.

बाहेरचा पैसा इकडे वळलाच नाही असे नाही. दाभोळला अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीचा वीजप्रकल्प आला, नाणारला सौदी अराम्कोच्या भागीदारीतली रिफायनरी येणार होती. दोघांनाही हवा होता तो समुद्र आणि सलग जमीन. वीजप्रकल्प २००१ मध्ये दराच्या वादात बंद पडला, पुढे सरकारी कंपन्यांना तो सावरावा लागला. नाणारच्या भूसंपादनाची अधिसूचना २०१९ मध्ये रद्द झाली. विरोध करणाऱ्यांना विकासविरोधी म्हणून मोकळे होता येते. पण कलमांची बाग आणि होडी हीसुद्धा गुंतवणूकच आहे, फक्त तिचा सामंजस्य करार कोणी फोटो काढून केलेला नाही.

माझा मुलगा चाकणला एका परदेशी मोटार कंपनीत आहे. पगार चांगला, तक्रार नाही. गणपतीला आणि शिमग्याला येतो, २०११ पासून चौपदरी होत असलेल्या महामार्गाचे धक्के खात. आमच्या वाडीत अकरा घरे. एरवी सातांना कुलूप.

उद्योगांना सवलती देताना राज्य सरकार तालुक्यांची अ, ब, क, ड, ड+ अशी वर्गवारी करते. म्हणजे तालुका मोजता येतो. मग प्रत्यक्ष आलेला पैसा आणि लागलेल्या नोकऱ्या यांचा तक्ताही तालुकावार छापावा, दरवर्षी. गुहागर, राजापूर, देवगडच्या रकान्यात शून्य असेल तर शून्य लिहावे.

आपला,
एक वाचक, गुहागर (जि. रत्नागिरी)