वाचनालयाच्या काकाजींना, तिकिटाच्या ट्रेबद्दल थँक्यू

काकाजी, नमस्कार.

आईनं फोनवर सांगितलं की आपल्या वाचनालयात कॉम्प्युटर आला आणि तुम्ही आता घरीच असता, म्हटलं आता लिहूनच टाकावं, नाहीतर राहून जाईल.

तुम्हाला आठवते का माहीत नाही, पण बारावीनंतर माझं शिक्षण थांबलं होतं, घरी पाहुणे येणं सुरू होतं, अन दुपारी कापूस वेचून आली की मी वाचनालयात यायची. ग्रामपंचायतीच्या मागची ती टिनाची खोली, मे महिन्यात तर भट्टीच. बाकीच्या गावांत देवघेवीचं एक जाड रजिस्टर टेबलावर उघडं पडलेलं असायचं, नाव, पुस्तक, तारीख, सही, पेपर वाचायला आलेला कोणीही पान उलटून पाहून घ्यायचा की कोणाची पोरगी काय वाचते. तुमच्याकडे ते नव्हतं. तुमच्याकडे सुताराकडून करून घेतलेला लाकडी ट्रे होता, आणि बियाण्याच्या खोक्याचे पुठ्ठे कापून केलेले तारखांचे खुणापट्टे.

पुस्तक घेतलं की तुम्ही त्याच्या मागच्या खिशातलं कार्ड काढायचे, माझ्या नावाच्या वाचक-तिकिटाच्या खिशात सरकवायचे, पुस्तकातल्या तारीखचिठ्ठीवर जांभळा शिक्का मारायचे आणि ती जोडी त्या तारखेच्या पट्ट्यामागे पुस्तकाच्या दाखल नंबराप्रमाणे लावायचे. "तारीख पाहून वापस आणजो बाई." परत आणलं की चिठ्ठीवरची शेवटची तारीख पाहायची, त्या पट्ट्यामागे नंबर शोधायचा, कार्ड पुस्तकात, तिकीट माझ्या हातात. संपलं! मी ते नेलं होतं याचा कागद कुठंच उरायचा नाही. कमिटीला आणि अनुदानाच्या तपासणीला फक्त आकडे जायचे, आज किती कादंबऱ्या गेल्या, किती चरित्रं.

हे किती मोठं होतं ते मला लायब्ररी सायन्सला गेल्यावर कळलं. ही पद्धत नीना ब्राउन नावाच्या अमेरिकन बाईची, १८९५ च्या सुमाराची. दुसरी नेवार्क पद्धत आहे, तिच्यात पुस्तकाच्या कार्डावर वाचकाचा नंबर लिहितात, म्हणजे कोणी कोणी नेलं ते कार्ड भरेपर्यंत दिसतच राहते. ब्राउनमधे एक वाकडं आहे, किती वेळा कोणतं पुस्तक गेलं हे नंतर काढायचं म्हटलं की कार्डावरून काही निघत नाही, आमचे सर याला दोष म्हणायचे. मला नाही पटलं कधी.

कारण मी बायांच्या तब्येतीचं पुस्तक नेलं होतं, घरात कोणाला विचारायची सोय नव्हती अशा गोष्टी त्यात होत्या. पोटगीच्या कायद्याचं नेलं, ते बहिणीसाठी. आणि नात्यातले एकजण तुमच्यासमोर येऊन बसले, म्हणे आमची पोट्टी काय नेते हो इथून, तेव्हा मी कपाटामागेच उभी होती. तुम्ही डोकं वर न करता म्हटलं, "वापस आलं भाऊ, आता माझ्यापाशी कागद नाही." खोटं एक अक्षर नाही त्यात! पण काकाजी, तुम्हाला तर सगळं पाठ होतं, कोण काय वाचते ते, कार्ड लागतच नव्हतं तुम्हाला. ते तुम्ही कधी कोणाला बोलले नाही, याचे आभार ट्रेचे नाही, तुमचेच.

पुढं तुम्हीच बाबांना समजावलं अन मी अमरावतीला शिकायला आली, ते तर गावाला माहीतच आहे.

आता मी कॉलेजच्या लायब्ररीत आहे. बारकोड मारला की झालं, काम फटाफट, पण कोण्या पोरीनं तीन वर्षांत काय काय नेलं ते स्क्रीनवर एका क्लिकात येते. परवा एका पालकांनी तेच मागितलं. मी तुमचंच उत्तर दिलं असतं पण माझ्यापाशी कागद होता ना, म्हणून सरळ नाही म्हटलं, थोडी वादावादी झाली, होऊ द्या.

एक काम आहे. तो ट्रे कोणी भंगारात देऊ म्हणेल तर देऊ नका, पुठ्ठ्यासकट ठेवा. दिवाळीत येते तेव्हा मी घेऊन जाते, पोट्ट्यांना दाखवायचा आहे. काकूंना नमस्कार सांगा.

तुमची,
तिकीट हरवलं म्हणून रडणारी पोट्टी