किम चोंग-यंग यांच्या शिल्पांबद्दल काही दुरुस्त्या

प्रति,
संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कोरियातील आधुनिक शिल्पकलेवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. मराठीत या विषयावर फारसे काही छापून येत नाही, त्यामुळे त्याला जागा दिल्याबद्दल आभार. मात्र किम चोंग-यंग (१९१५–१९८२) यांच्यावरचा परिच्छेद वाचून कुणाचीही समजूत अशी होईल की युरोपात अमूर्त शिल्पे झाली, यांनी ती पाहिली आणि चार ओंडके थोडेफार तासून ठेवून दिले. यातले ‘थोडेफार तासून’ एवढे खरे आहे. पण ते का केले आणि कसे जमले, हे लेखात आलेच नाही.

किम यांचा जन्म कोरियाच्या दक्षिणेकडील छांगवनचा, सुशिक्षित जमीनदार घराण्यातला. अशा घरात मुलाच्या हाती छिन्नी येत नसे, कुंचला येई. सुलेखन त्यांनी लहानपणापासून गिरवले. १९३२ साली, सोलच्या ह्विमुन शाळेत असताना, ‘तोंग-आ इल्बो’ या दैनिकाने भरवलेल्या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत ते सुलेखनात पहिले आले. तिथले चित्रकलेचे शिक्षक जांग बाल यांनी त्यांना शिल्पकलेकडे वळवले. १९३६ ते १९४१ ही वर्षे टोकियोच्या कलाशाळेत गेली.

तिथले शिक्षण युरोपीय पद्धतीचे होते. तारेचा किंवा लोखंडी सळ्यांचा सांगाडा उभारायचा, त्यावर ओली माती चढवायची, समोरच्या मॉडेलकडे पाहत अंग-प्रत्यंग उभे करायचे, मग प्लास्टरचा साचा, प्लास्टरची प्रत, आणि पैसे असतील तर ब्राँझचे ओतकाम. या पद्धतीत शिल्पकार अखेरपर्यंत भर घालू शकतो आणि काढूही शकतो. खांदा चुकला तर माती ओरबाडून पुन्हा लावता येते. किम यांची पुढची वाटचाल या सवलतीपासून दूर जाण्याची आहे.

१९५३ हे वर्ष लेखात आले आहे, पण दोन वेगळ्या गोष्टी एक झाल्या आहेत. लंडनच्या ‘अज्ञात राजकीय कैदी’ या आंतरराष्ट्रीय शिल्पस्पर्धेत निवडली गेलेली त्यांची कृती मानवाकृती होती. त्याच वर्षी कोरियाच्या राष्ट्रीय कलाप्रदर्शनात मांडलेला ‘पक्षी’ लाकडी होता, आणि कोरियातले पहिले अमूर्त शिल्प म्हणून सहसा त्याचेच नाव घेतले जाते. कोरियन युद्ध त्या जुलैत थांबले होते. पॅरिसची हवा खाऊन आलेल्या माणसाचे हे काम नव्हते. पॅरिसमध्ये काम करणारा रोमानियन शिल्पकार ब्रांकुशी याच्या कामाची ओळख त्यांना नक्कीच होती आणि ते ऋण लपवण्याचे कारणही नाही. पण ‘पक्षी’ बनण्यापूर्वी या हाताने वीस-पंचवीस वर्षे कुंचला चालवला होता. कागदावर शाई एकदा बसली की ती मागे घेता येत नाही. अक्षराचा तोल कुठल्या रेषेच्या जाडीवर उभा आहे हे लिहिण्याआधी ठरलेले असावे लागते. थेट लाकडात कोरणाऱ्याची अडचण अगदी हीच असते. एकोणिसाव्या शतकातले थोर सुलेखनकार छुसा किम जंग-ही आणि फ्रेंच चित्रकार सेझान यांना शेजारी ठेवून किम चोंग-यंग यांनी लिहिलेला निबंध आहे. दोघांतही त्यांना दिसली ती रचना, आकारांची बांधणी. युरोप हवाच असेल तर तो इथे शोधावा.

आता त्या ‘थोडेफार तासण्या’बद्दल. किम यांच्या विचाराला कोरियात ‘बुलगाक’, म्हणजे न कोरणे, असे म्हटले जाते. कारागिरीचा दिखावा टाळायचा, वस्तूला स्वतःचे वजन राहू द्यायचे. ऐकायला हे आळसाचे तत्त्वज्ञान वाटते, म्हणून हाताला काय करावे लागते ते सांगतो.

लाकूड वाळताना सगळीकडे सारखे आक्रसत नाही. ओंडक्याच्या घेराच्या दिशेने ते जितके आक्रसते, त्याच्या साधारण निम्मेच केंद्राकडून सालीकडे आक्रसते. या ओढाताणीत ओंडका सालीपासून गाभ्यापर्यंत पाचरीसारखा फाटतो. बारीक नक्षीकाम करणारा गाभा टाळून फळ्या काढतो, किंवा मागून पोखरतो, म्हणजे भिंत पातळ होऊन ताण कमी होतो. ज्याला सबंध ओंडक्याचा भरीवपणाच हवा आहे त्याला यातले काहीच फारसे करता येत नाही. दोन्ही तोंडांना मेण किंवा रंग लावून ओल सावकाश बाहेर पडू द्यायची आणि थांबायचे. एक इंच जाडीला वर्ष असा सुतारांचा ढोबळ हिशेब आहे; फूटभर व्यासाच्या लाकडाचा अंदाज त्यावरून करावा. तरीही भेग पडेलच, म्हणून ती कोणत्या बाजूला आलेली चालेल हे आधीच ठरवून आकार त्यानुसार फिरवावा लागतो.

दुसरे म्हणजे, नाक-डोळे असलेल्या मूर्तीत एखादा उतार दोन मिलिमीटरने चुकला तर पाहणाऱ्याची नजर चेहऱ्याकडे जाते, चूक निसटते. तीन-चार पृष्ठांच्या शिल्पात लपायला जागा नाही. दोन पृष्ठे जिथे भेटतात ती कड जरा बोथट झाली तर सगळे शिल्प साबणाच्या वापरलेल्या वडीसारखे दिसू लागते. ती कड परत आणायची तर दोन्ही पृष्ठे उतरवावी लागतात. मग प्रमाण बदलते, तिसरे पृष्ठ मोठे वाटते, तेही उतरवावे लागते. नवशिक्याचा ओंडका असाच लहान होत जातो आणि शेवटी हातात काही उरत नाही. उपाय एकच, कोरण्यापूर्वी रेखाटन. किम यांनी मागे ठेवलेली रेखाटने हजारांत मोजावी लागतात, शिल्पे त्या मानाने फारच थोडी. आमच्या मते त्यांच्या कामाची खरी किल्ली या प्रमाणात आहे.

ग्रॅनाइटचे गणित निराळे. त्यात लाकडासारखी रेषा नसते, पण दाणा असतो. आतल्या कोपऱ्यात अणकुचीदार टाकी (दगडाची छिन्नी) सरळ घातली की समोरची कड खपली होऊन उडते. कडेकडून आत यायचे, टाकी तिरकी धरायची. रुंद, साधी पृष्ठे या दगडाला मानवतात. त्यामुळे इथे किम यांची वृत्ती आणि दगडाचा स्वभाव एकाच बाजूला आहेत. संगमरवरात हाताला मोह पडायला जास्त वाव असतो.

लोखंडाचा उल्लेख लेखात नाही, ही मोठी उणीव आहे. ‘दंतकथा’ हे १९५८ चे शिल्प लोखंडाचे आहे. वेल्डिंगमध्ये पुन्हा भर घालण्याची पद्धत येते, पण माती ओल्या फडक्याखाली झाकून उद्या बदलता येते तसे इथे नाही. पत्र्याच्या एकाच बाजूने सलग सांधत गेले की तापलेली बाजू थंड होताना आक्रसते आणि पत्रा वाकतो. म्हणून समोरासमोर ठिपके देत जायचे, मध्ये थंड होऊ द्यायचे, मग ते जोडायचे. किम या माध्यमात फार काळ रमले नाहीत. ते पुढे नेले त्यांचे विद्यार्थी सोंग यंग-सू यांनी. १९७० मध्ये, वयाच्या चाळिशीत, त्यांचे निधन झाले नसते तर कोरियन धातुशिल्पाचा इतिहास वेगळा लिहिला गेला असता.

विद्यार्थ्यांवरून आठवले. किम यांना लेखात ‘प्रसिद्धीपासून वंचित’ म्हटले आहे. १९४८ ते १९८० ते सोल राष्ट्रीय विद्यापीठात शिकवत होते आणि कोरियातल्या पुढच्या पिढीचे कितीतरी शिल्पकार, छे जोंग-थे, छे मान-रिन हे त्यातलेच, त्यांच्या वर्गातून बाहेर पडले. पहिले एकल प्रदर्शन १९७५ मध्ये, साठाव्या वर्षी झाले. पगार येत असल्यामुळे विकण्यासाठी घडवावे लागत नव्हते. बिचारेपणाचा रंग कशाला द्यायचा?

खरा अन्याय झाला तो दुसरीकडे, आणि तो त्यांच्या अमूर्त कामावर नव्हे. १९१९ च्या एक मार्चला कोरियाच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा सोलच्या थापगोल उद्यानात वाचला गेला. तिथले स्मारक १९६३ मध्ये किम यांनी केले. मानवाकृतींचे, सगळ्यांना कळेल असे काम. शिल्प म्हणून ते आम्हाला त्यांच्या लाकडांच्या पासंगालाही पुरत नाही, पण नागरी स्मारकाला जे हवे ते त्यात होते. उद्यानाची नवी आखणी करताना १९७९ च्या अखेरीस ते काढले गेले. शिल्पकाराला विचारलेही नाही. भाग सामछंग उद्यानात पडून राहिले. १९८२ च्या डिसेंबरात किम गेले. स्मारक सदेमुनच्या स्वातंत्र्य उद्यानात पुन्हा उभे राहिले ते त्यानंतर जवळजवळ दशकभराने. आपल्या लेखात ते अजून थापगोलमध्येच असल्याचे छापले आहे.

शेवटची दुरुस्ती छायाचित्राखालच्या ओळीची. तिथे ‘शीर्षक नाही’ असे आहे. किम यांच्या बहुतेक शिल्पांना ‘काम’ असे नाव आणि पुढे आकडे असतात: आधी सालाचे शेवटचे दोन अंक, मग त्या वर्षातला क्रमांक. ‘काम ६५-२’ म्हणजे १९६५ मधले दुसरे. त्याशिवाय माध्यम आणि उंचीही छापावी. यांतली बरीच शिल्पे टेबलावर मावतील एवढी आहेत आणि रिकाम्या पार्श्वभूमीवर टिपली की ती चौकातल्या खांबाएवढी भासतात. शक्य झाल्यास दुसरे छायाचित्र बाजूने घेतलेले द्यावे. समोरून सपाट दिसणारा ओंडका तिथून कसा वळला आहे ते कळते. मूळ शिल्पे पाहायची असतील तर सोलच्या फ्योंगछांग-दोंग भागात २००२ पासून त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे.

आपले,
शिल्पकलेचे दोन अध्यापक