मंत्रिमहोदय, पन्नास लाखांत माझी मुलगी किती दिवस जगेल?

माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार. वडोदऱ्यात आला होतात तेव्हा आम्हा पालकांसमोर म्हणालात, "औषधाचं मी बघतो." परवा उत्तर आलं: अर्ज योग्य त्या विभागाकडे पाठवला आहे. कोणत्या विभागाकडे, तेही लिहिलेलं नाही.

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. तिला सिस्टिक फायब्रोसिस आहे. पेशीतल्या एका प्रथिनाची घडी चुकते आणि फुप्फुसात चिकट कफ साचतो. शाळेआधी नेब्युलायझर, मग पाठ थापटून कफ सोडवायचा, जेवायच्या आधी एन्झाइमच्या कॅप्सूल. घामातून मीठ एवढं जातं की मे महिन्यात कपाळावर पांढरे कण दिसतात. रात्र रात्र खोकते. मी नोकरी सोडली, घर गहाण टाकलं, नातेवाईक फोन उचलेनासे झाले. कुणाला सांगू हे?

आणि औषध आहे हो! ट्रायकाफ्टा, अमेरिकेत 2019 मध्ये मंजूर झालं. ते बनवणारी व्हर्टेक्स ही कंपनी 1989 मध्ये प्रथिनाची रचना पाहून औषध घडवायचं, याच विचारावर उभी राहिली. गोळीतली द्रव्यं त्या प्रथिनाच्या कुठल्या खाचेत बसतात, तेही शास्त्रज्ञांनी दाखवलंय. पण किंमत वर्षाला तीन लाख डॉलरच्या वर, म्हणजे अडीच कोटी रुपयांहून जास्त. तुमचं दुर्मीळ आजार धोरण देतं जास्तीत जास्त पन्नास लाख. अडीच महिनेसुद्धा पुरत नाहीत! त्यानंतर काय? त्याच धोरणाच्या 2021 च्या आठ उपचार केंद्रांत गुजरातचं एकही नव्हतं, म्हणून आजारी पोर घेऊन आम्ही मुंबई गाठायची.

कायदा तुमच्या हातात आहे. 2012 मध्ये कर्करोगाच्या नेक्साव्हर या औषधावर सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटवाल्या कंपनीच्या संमतीशिवाय दुसऱ्या कंपनीला ते बनवायची मुभा, दिला गेला आणि महिन्याचा खर्च सुमारे 2 लाख 80 हजारांवरून 8,800 च्या आसपास आला. तेव्हा जमलं, मग आमच्या मुलांसाठी का जमत नाही? रुग्ण थोडे, मतं थोडी, म्हणून?

वेंकी रामकृष्णन याच शहराच्या सयाजीराव विद्यापीठात शिकले. पेशीत प्रथिनं जिथे बनतात त्या रायबोसोमची रचना उलगडली म्हणून 2009 चं नोबेल त्यांना मिळालं. त्यांचं नाव भाषणात घेता, टाळ्या मिळवता. संशोधनाच्या इमारतींच्या कोनशिला बसवता. पण प्रथिनांच्या अशाच संशोधनातून निघालेली गोळी आमच्या घरात कधी येणार, हे एकही मंत्री, एकही सचिव सांगत नाही. पक्ष बदलले, फाईल तिथेच.

मला सहानुभूती नको. सक्तीच्या परवान्याची प्रक्रिया सुरू करणार की नाही, आणि करणार तर कोणत्या तारखेला, एवढं आपल्या सहीने लेखी कळवा. मुलीचा जनुक तपासणीचा अहवाल सोबत जोडला आहे.

आपली,
एका मुलीची आई
दांडियाबाजार, वडोदरा