‘टू प्लस’चं पुढे काय?

स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं की घरातले एकच विचारतात, ‘कितवी स्टेज?’ वहिनीच्या वेळी आम्हीही तेच विचारलं. बायोप्सीच्या रिपोर्टातल्या ‘हर-टू : २+’ या ओळीकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. हर-टू हे पेशीच्या पृष्ठभागावरचं प्रथिन. त्याचं जनुक प्रमाणाबाहेर वाढलेल्या रुग्णांत आजार लवकर उलटतो, आयुष्य घटतं, हे अमेरिकी संशोधक डेनिस स्लेमन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवलं. १९९८ मध्ये अमेरिकेत त्यावरच्या ट्रास्टुझुमॅब या औषधाला मंजुरी मिळाली आणि धास्तीचा हा शेराच उपचाराची वाट दाखवू लागला. रिपोर्टातला आकडा हे प्रथिन किती दिसतं ते सांगतो : ३+ म्हणजे पॉझिटिव्ह, शून्य किंवा १+ म्हणजे निगेटिव्ह. २+ मात्र अधांतरी. तिथे बहुधा ‘फिश’ ही जनुकाची तपासणी लागते. आम्हाला हे तीन आठवड्यांनी, दुसऱ्या डॉक्टरांकडून कळलं. मग बायोप्सीचा तुकडा मेणात जपलेला तो पेढ्याएवढा ब्लॉक मिळवायला पुन्हा लॅबच्या खेपा! रिपोर्टाच्या तळाशी ‘२+ आल्यास फिशबद्दल डॉक्टरांना विचारा’ एवढं मराठीत छापायला कितीशी शाई लागते?

– एक वाचक, सातारा