किट द्या, निकाल मागू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

महाविद्यालयांत विद्यार्थ्यांना स्वतःची स्वतः संसर्गजन्य आजारांची तपासणी करता यावी म्हणून किट ठेवावेत का, यावर आपल्या पत्रांच्या सदरात सध्या बरीच धुमश्चक्री चालू आहे. एका बाजूचे म्हणणे, यामुळे मुले बिघडतील. दुसरी बाजू म्हणते, सगळ्यांची तपासणी करून महाविद्यालयाने नोंद ठेवावी. मला भीती दुसऱ्या बाजूची जास्त वाटते. मी सरकारी प्रयोगशाळेतून तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झाले. माझी सगळी नोकरी लोकांची बोटे टोचण्यात गेली. किट अवश्य ठेवा, पण निकाल मागू नका, एवढे सांगायला हे पत्र लिहिते आहे.

मुले बिघडण्याबद्दल फार लिहीत नाही. घरात थर्मामीटर आणला म्हणून कोणाला ताप चढत नाही.

सांगली-मिरजेत शिकणारी पुष्कळ मुले बाहेरची. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, शिराळा इथून येतात आणि विश्रामबागच्या आसपास कॉट बेसिसवर राहतात. एचआयव्हीची तपासणी सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि चाचणी केंद्रात, फुकट होते, समुपदेशक असतो, नाव गुप्त राहते. तरी मुले येत नाहीत, कारण सिव्हिलमध्ये सगळा जिल्हा येतो. केसपेपरच्या रांगेत गावचा कोणी भेटला की ‘काय रे, इकडं कुठं?’ हा प्रश्न ठरलेला, आणि मुलगा संध्याकाळच्या एसटीने घरी पोहोचायच्या आत बातमी पोहोचते. मुलींचे तर विचारूच नका. खोलीत बसून बोटातल्या रक्ताच्या थेंबावर किंवा हिरड्यांवरून फिरवलेल्या पट्टीवर तपासणी करता आली तर ही रांग टळते. जागतिक आरोग्य संघटनेने एचआयव्हीच्या स्वचाचणीची शिफारस २०१६ साली केली आणि हिपॅटायटिस सीची २०२१ साली, ती अशाच लोकांसाठी, जे दवाखान्याच्या दारापर्यंत येत नाहीत.

दुसरे कारण क्वचितच बोलले जाते. आज आपल्याकडे पुष्कळ मुलांच्या रक्ताची एचआयव्हीसाठी पहिली तपासणी होते ती महाविद्यालयातल्या रक्तदान शिबिरात. रक्तपेढी प्रत्येक पिशवी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया यांसाठी तपासते. हे हुशार मुलांना ठाऊक असते, आणि मनात धाकधूक असलेला एखादा मुलगा ‘रक्त देऊन बघू, काही असेल तर कळवतीलच’ म्हणून रांगेत उभा राहतो. याच्याइतके धोक्याचे दुसरे काही नाही. संसर्ग ताजा असेल तर तपासणीत तो काही काळ दिसतच नाही. यालाच विंडो पीरियड म्हणतात. त्या काळातली पिशवी सगळ्या तपासण्यांतून पार होऊन कोणा बाळंतिणीला चढू शकते. तपासणी हवी असलेल्याला तपासणीची वेगळी वाट मिळाली तर शिबिराच्या रांगेत फक्त दाते उरतील.

आता निकालाची गोष्ट. एका महाविद्यालयात शिबिरानंतर फळ्यावर सूचना लागली : ‘खालील विद्यार्थ्यांनी कार्यालयात ताबडतोब भेटावे.’ खाली चार नावे. दुपारपर्यंत कँटीनमध्ये चौघांचेही निदान होऊन गेले. एका मुलीच्या खोलीतल्या मैत्रिणीने बादली वेगळी केली. प्रत्यक्षात त्या चौघांच्या रक्तदाता कार्डावर रक्तगट चुकीचा छापला गेला होता, तो दुरुस्त करायला बोलावले होते. साध्या छपाईच्या चुकीवर एवढे घडते, तर खरी यादी कार्यालयातल्या कपाटात असेल तेव्हा काय होईल? आपल्याकडची कपाटे किती बंद असतात हे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सर्वांना माहीत आहे.

कायदाही हेच सांगतो. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार माहितीपूर्ण संमतीशिवाय एचआयव्हीची तपासणी करता येत नाही, कोणाला आपली स्थिती उघड करायला भाग पाडता येत नाही, आणि शिक्षणासाठी तपासणीची अट घालणे हा भेदभाव ठरतो. ‘किट मोफत देतो, पण पट्टीचा फोटो रेक्टरना पाठवा’ असली कल्पना कोणाच्या डोक्यात असेल तर त्यांनी हा कायदा वाचून घ्यावा. अनेक ठिकाणी अकरावी-बारावीचे वर्ग त्याच आवारात भरतात. ती मुले अठराच्या आतली, त्यांच्या संमतीचा प्रश्न वेगळा. तेव्हा किटची पेटी पदवीच्या इमारतीत हवी.

नोंद मागणाऱ्यांना एक हिशोब दाखवते. देशात प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण सुमारे ०.२ टक्के आहे, म्हणजे हजारांत दोन. समजा किट इतके चांगले आहे की निरोगी शंभर जणांपैकी ९९ जणांना ते बरोबर निगेटिव्ह दाखवते. हजार मुलांनी तपासणी केली तर खरे बाधित दोन, आणि चुकून पॉझिटिव्हची रेघ उमटलेले दहा. बारा पट्ट्यांवर रेघ, त्यातल्या दहा खोट्या! प्रत्यक्षातली किट यापेक्षा चांगली असतात आणि कॉलेजच्या मुलांत प्रमाण याहून कमीच असेल, पण मुद्दा तोच राहतो. म्हणूनच आयसीटीसीत एका पट्टीवर कोणालाही पॉझिटिव्ह म्हणत नाहीत. वेगवेगळ्या तीन तपासण्या झाल्यावरच अहवाल देतात. रेक्टरच्या वहीत मात्र पहिल्या रेघेलाच नाव चिकटेल.

पट्टी वाचण्यातही गोम आहे. प्रत्येक किटवर वाचायची वेळ छापलेली असते. रात्री पट्टी लावली, झोप लागली आणि सकाळी उठून पाहिले तर सुकलेल्या पट्टीवर फिकट रेघ दिसू शकते. तिला काही अर्थ नाही. पण एकट्या मुलाने ती पाहिली तर? त्यासाठी पेटीच्या झाकणावर मराठीत ठसठशीत तीन गोष्टी लिहा. पॉझिटिव्हची रेघ आली तर घाबरू नकोस, आयसीटीसीत जाऊन पक्की तपासणी कर. आजार निघालाच तर सरकारी एआरटी (एचआयव्हीवरील उपचार) केंद्रात औषधे फुकट मिळतात आणि नियमित घेणारा माणूस इतरांसारखे आयुष्य जगतो. ती रेघ आली नाही, पण धोक्याचा प्रसंग गेल्या तीन महिन्यांतला असेल, तर पुन्हा तपास. आणि प्रसंग कालचा-परवाचा असेल तर हे किट तुझ्या कामाचे नाही. ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात डॉक्टरांना गाठ, कारण संसर्ग टाळणारी औषधे त्या मुदतीत सुरू केली तरच उपयोग होतो आणि ती २८ दिवस घ्यावी लागतात. खाली १०९७ हा फुकटचा हेल्पलाइन क्रमांक. या ७२ तासांच्या सूचनेसाठी तर किट नसले तरी पाटी लावायला हरकत नाही.

कोणी म्हणेल, कोविडच्या वेळी तर निकाल कळवा म्हणत होते. बरोबर. मे २०२१ मध्ये आयसीएमआरने पुण्याच्या मायलॅबच्या घरगुती किटला मान्यता दिली तेव्हा निकाल ॲपवर टाकायचा होता, आणि लक्षणे असून निगेटिव्ह आलेल्याने आरटीपीसीआर करायची होती. पण तो आजार श्वासातून पसरणारा. शेजारच्या कॉटवरच्याला सावध करणे भाग होते. एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस सी मेसमध्ये एका ताटात जेवून होत नाही. सगळ्या आजारांना एकच नियम लावायचा अट्टहास कशाला? क्षयरोगाला तर घरगुती किट नाहीच. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर थुंकीची तपासणी, ती सरकारी केंद्रात फुकट. हिपॅटायटिस बीसाठी मी किटच्या आधी लसीकडे बोट दाखवीन. बाळांच्या सरकारी लसीकरणात ही लस देशभर पोहोचली ती २०११ च्या सुमारास. आजची पदवीची मुले त्याच्या आधी जन्मलेली. नर्सिंगच्या आणि लॅब टेक्निशियनच्या मुलांनी तरी आपले लसीकरणाचे कार्ड शोधावे.

हे सगळे वाटायचे कोणी? एनएसएसच्या सरांनी उपस्थिती घेऊन नव्हे. १ डिसेंबरची फेरी आणि फलकांबरोबरचे फोटो पुष्कळ झाले. या कामाची उत्तम शाळा सांगलीतच आहे. एकेकाळी एचआयव्हीच्या बाबतीत आपल्या जिल्ह्याचे नाव चांगल्या अर्थाने घेतले जात नव्हते. त्या काळात, १९९२ पासून, एचआयव्ही रोखण्याचे काम करणाऱ्या संग्राम संस्थेबरोबर आणि पुढे वेश्या अन्याय मुक्ती परिषदेतून इथल्या धंद्यातल्या बायकांनीच एकमेकींना निरोध वाटले, एकमेकींना दवाखान्यात नेले. बरोबरीच्या माणसाने दिले की घेणाऱ्याची मान खाली जात नाही. महाविद्यालयात एचआयव्हीबद्दल जागृती करणाऱ्या रेड रिबन क्लबच्या मुलामुलींना नीट प्रशिक्षण द्या आणि पेटी अशा ठिकाणी लावा जिथे कोणी किती उचलले ते कॅमेऱ्यात दिसणार नाही.

शेवटी माझ्या प्रयोगशाळेच्या कामातली एक बाब, जी कोणाच्याच पत्रात आली नाही. बोट टोचायच्या किटमध्ये सुई असते. वापरलेली सुई हॉस्टेलच्या कचऱ्याच्या डब्यात गेली, तर सकाळी ती टोचेल झाडणाऱ्या मावशींना. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे रुग्णालयात सुया न भोसकल्या जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकतात. तसा डबा प्रत्येक मजल्यावर हवा, आणि तो उचलून नेण्याची व्यवस्थाही आधी ठरलेली हवी. किटची पेटी त्यानंतर भिंतीवर लावा.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, मिरज