सूचना : फुलपाखरांसाठी रोपे निवडताना

सर्व सभासदांना नमस्कार. रोपे घेताना फक्त फुलांकडे पाहू नका. फुलांवर फुलपाखरे मकरंद प्यायला येतात, अंडी मात्र अळीला खाता येईल अशाच झाडावर घालतात. म्हणून लिंबू, कढीपत्ता, रुई, पानफुटी यांतले एखादे तरी हवेच. मकरंदासाठी पेंटास, एक्झोरा किंवा एकेरी पाकळ्यांचा झेंडू लावा. जागा उन्हाची हवी.

लिंबाच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखे काही दिसले तर कृपया झटकू नका, ती कोवळी अळी असू शकते. पाने कुरतडली जाणारच, आणि तेच तर आपल्याला हवे आहे! औषध फवारू नका, कडुनिंबाचे तेलसुद्धा नको. रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. मुलांना आधीच सांगून ठेवा.